मनाचे दुखणे आणि शास्त्राची चौकट

घरातील कोणी तापाने फणफणला, तर आपण डॉक्टरांना बोलावतो आणि शेजारीपाजारी येऊन त्याची उघडपणे विचारपूस करतात. परंतु घरातला तरुण मुलगा एकाएकी अबोल झाला, रात्र रात्र जागू लागला, आपल्याविरुद्ध कोणी कट करीत आहे असे सांगू लागला, किंवा कानांवर कसले तरी आवाज पडतात म्हणून घाबरून कोपऱ्यात बसू लागला, की त्या घरावर निराळीच अवकळा पसरते. दार लोटून घेतले जाते. चौकशीला येणाऱ्यांना ‘जरा बरे नाही’ एवढेच सांगितले जाते. मग कोणी म्हणतो, ही बाहेरची बाधा आहे, नोव्हेना करा. दुसरा म्हणतो, लाडाने बिघडला आहे, कामाला जुंपा. तिसरा म्हणतो, मेंदूतील रसायने बिघडली आहेत, गोळ्या द्या. आई मात्र रात्री एकटीच स्वतःला विचारीत असते : माझे कुठे चुकले? हे दुखणे देहाचे, मनाचे की आत्म्याचे?

हा प्रश्न त्या आईचा एकटीचा नाही. गेली पावणेदोनशे वर्षे मनोविकारशास्त्र स्वतःला हेच विचारीत आले आहे. हृदयरोगाच्या तज्ज्ञाला हृदय म्हणजे काय यावर वाद घालावा लागत नाही. मनोविकाराच्या तज्ज्ञाला मात्र आपण नेमके कशावर उपचार करतो, येथूनच आरंभ करावा लागतो. लक्षण, कारण आणि उपाय यांची सांगड घालणारी एखादी दिशादर्शक शास्त्रीय चौकट आपल्या विषयाला लाभावी, म्हणून अनेक बुद्धिमान माणसांनी आयुष्ये वेचली. त्या शोधाची कथा केवळ डॉक्टरांच्या कामाची नाही. माणूस म्हणजे काय, आणि ज्याचे दुखणे आपल्याला पुरते कळलेले नाही त्याच्याशी आपण कसे वागावे, हे दोन प्रश्न तिच्या पोटात आहेत. आणि ते तुमचेआमचे आहेत.

१८४५ साली विल्हेल्म ग्रीझिंगर या जर्मन वैद्याने मनाचे विकार हे मेंदूचे विकार होत, असे आपल्या ग्रंथात ठामपणे मांडले. वेड म्हणजे पापाचे फळ, असे मानणारे पंडित त्या काळी जर्मनीत होते. त्यांच्या तुलनेत ग्रीझिंगरचा विचार दयाळू होता. कारण मेंदू आजारी असेल, तर रुग्ण अपराधी ठरत नाही. पुढे एमिल क्रेपेलिनने वर्षानुवर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १८९९ साली आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत गंभीर मनोविकारांचे दोन मोठे भाग पाडले. एकात मन उत्तरोत्तर ढासळत जाते; दुसऱ्यात उन्माद आणि विषण्णता यांच्या लाटा येतात व ओसरतात. पहिल्या प्रकाराला ब्लॉयलरने पुढे स्किझोफ्रेनिया हे नाव दिले. ही विभागणी आजही पुसली गेलेली नाही.

त्याच सुमारास या विचारसरणीला मोठा विजय लाभला. युरोप-अमेरिकेतील वेड्यांच्या इस्पितळांत असे पुष्कळ रुग्ण असत, की जे स्वतःला सम्राट किंवा कोट्यधीश समजत आणि काही वर्षांत लुळे पडून मरत. १९१३ साली नोगुची आणि मूर यांना अशा मृत रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले. वेडाच्या एका मोठ्या दालनाचे कुलूप उघडले. पेनिसिलिन आल्यावर ते दालन जवळजवळ रिकामे झाले. आता प्रत्येक वेडाचा जंतू सापडणार, अशी आशा पालवली. ती तशी फळाला आली नाही. पण अगदीच वांझही राहिली नाही. २००७ साली दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या एका विशिष्ट दाहाचे वर्णन केले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते आणि चांगली शिकलीसवरलेली तरुणी भ्रमिष्टासारखी बोलू लागते, तिला झटके येतात, तिचे हातपाय व चेहरा चमत्कारिक वळणे घेतात. वेळेवर उपचार झाले, तर बहुतेक रुग्ण सुधारतात. अशा मुलीला झपाटलेली म्हणून कोंडून ठेवणे किती सोपे आहे, हे वेगळे सांगायला नको.

तथापि मनाची सर्व दुखणी अशी उलगडत नाहीत. सिग्मंड फ्रॉइड मुळात मज्जातंतूंचा अभ्यासक. १८९५ साली त्याने साऱ्या मानसशास्त्राची उभारणी मज्जापेशींवर करण्याचा आराखडा लिहिण्यास घेतला आणि तो अर्धवट सोडून दिला. त्या काळचे मेंदूचे ज्ञान त्या कामाला पुरे पडणारे नव्हते. मग तो रुग्णाचे बोलणे ऐकू लागला. १९१३ साली कार्ल यास्पर्स या तरुण डॉक्टरने, जो पुढे तत्त्वचिंतक म्हणून प्रसिद्धीस आला, या दोन वाटांचा भेद फार स्पष्टपणे दाखविला. एक वाट कारण शोधण्याची, दुसरी अर्थ समजून घेण्याची. पतीच्या निधनानंतर पत्नी दिवसचे दिवस जेवत नाही, हे आपल्याला समजते. त्यासाठी तिचा मेंदू तपासावा लागत नाही. परंतु उपदंशाने मेंदू पोखरलेला हमाल स्वतःला सम्राट समजू लागतो, तेव्हा कितीही सहानुभूतीने ऐकले तरी उलगडा होत नाही. तेथे कारणच शोधावे लागते. मनोविकारशास्त्राला या दोन्ही वाटांनी चालावे लागेल, असे यास्पर्सचे सांगणे होते.

दुर्दैवाने दोन वाटांचे दोन पंथ झाले, आणि प्रत्येक पंथाला आपली वाट हाच सगळा रस्ता वाटू लागला. पोर्तुगालच्या एगास मोनिझने १९३५ साली मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९४९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमनने डोळ्याच्या खोबणीतून हत्यार घालून ती शस्त्रक्रिया सर्रास केली. हजारो रुग्ण शांत झाले. पण त्यांतील कित्येकांची ती शांतता विझलेल्या दिव्याची होती. दुसऱ्या पंथाने हत्यार उचलले नाही, तरी त्याच्याही हातून घाव झालेच. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक विदुषीने स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई, अशी कल्पना मांडली. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइमने स्वमग्न मुलांचे खापर त्यांच्या आईबापांच्या थंडपणावर फोडले. या दोन्ही कल्पना पुढे टिकल्या नाहीत. पण त्या टिकेपर्यंत किती माता स्वतःच्या मुलाच्या गुन्हेगार ठरल्या असतील! एका पंथाने रुग्णाचा मेंदू कापला, तर दुसऱ्याने त्याच्या आईचे काळीज. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. अपुऱ्या ज्ञानाला पूर्ण समजणे, ही दोघांची एकच चूक होती.

औषधे आली ती या दोन्ही पंथांना न विचारता. त्यांतील एका औषधाचे मूळ आपल्या मातीत आहे. सर्पगंधेची मुळी उन्मादावर गुणकारी असल्याचे आयुर्वेदाला व गावठी वैद्यांना ठाऊक होते. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात नोंदविला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी तिचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. १९५२ साली तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाने भ्रमिष्ट रुग्ण शांत होतात, असे दिसून आले. साखळ्या गळून पडू लागल्या. पुढे एक गोष्ट ध्यानात आली : रिसर्पिनने मेंदूतील सिरोटोनिनसारखी द्रव्ये घटतात, आणि ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात. यावरून, ती द्रव्ये कमी पडणे हेच विषण्णतेचे कारण, असे गृहीतक उभे राहिले आणि हळूहळू सर्वतोमुखी झाले. परंतु छत्री उघडल्यावर उन्हाचा त्रास कमी होतो, म्हणून ऊन हा छत्रीच्या अभावाने होणारा रोग ठरत नाही. २०२२ साली जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सिरोटोनिनच्या कमतरतेमुळे विषण्णता येते या समजुतीला सुसंगत पुरावा आढळला नाही. याचा अर्थ औषधे निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही, आणि कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. औषध गुण देते हे एक, आणि ते का गुण देते हे दुसरे, एवढाच त्याचा अर्थ.

कारणांचा हा गोंधळ पाहून अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली. तिने कारणांचा वाद बाजूला ठेवून केवळ लक्षणांच्या याद्या दिल्या. दोन शहरांतील दोन डॉक्टरांचे एका रुग्णाविषयी एकमत होणे त्यामुळे सुकर झाले. हा लाभ लहान नव्हता. पण यादी म्हणजे उलगडा नव्हे. स्किझोफ्रेनिया किंवा विषण्णता यांचे निदान करणारी रक्ताची अथवा क्ष-किरणांची कोणतीही चाचणी अद्याप उपलब्ध नाही.

या पार्श्वभूमीवर एरिक कँडेल यांचा १९९८ सालचा निबंध वाचावा लागतो. कँडेल यांचा जन्म १९२९ साली व्हिएन्नामध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे खेळण्यांचे दुकान होते. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर नऊ वर्षांच्या एरिकच्या कुटुंबाला घराबाहेर काढण्यात आले, आणि १९३९ साली तो अमेरिकेस पोहोचला. सुसंस्कृत म्हणविणारी माणसे एका रात्रीत इतकी कशी बदलतात, आणि ती रात्र मनातून का जात नाही, हे कोडे त्याच्याबरोबर गेले. त्याने आधी इतिहास व साहित्य अभ्यासले, मग मनोविश्लेषक व्हावे म्हणून वैद्यक घेतले, आणि अखेर स्मृतीचा शोध घेण्यासाठी तो एका समुद्री गोगलगायीकडे वळला! या जीवाच्या अंगी सुमारे वीस हजारच मज्जापेशी असतात, आणि त्याही मोठ्या. तिला वारंवार धक्का दिला, तर ती शिकते व हलक्या स्पर्शानेही अंग आखडून घेते. ही आठवण अल्पकाळ टिकली, तर पेशींमधील जुने सांधे तेवढे बळकट होतात. दीर्घकाळ टिकली, तर पेशीतील जनुके जागी होतात, नवी प्रथिने बनतात आणि नवे सांधे फुटतात. अनुभव देहात कोरला जातो, तो असा. या कार्यासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

त्या निबंधात कँडेल यांनी मनोविकारशास्त्रासाठी नवी बौद्धिक चौकट सुचविली. मनाचे सर्व व्यापार मेंदूतून चालतात. मेंदूतील पेशींची जोडणी जनुकांवर अवलंबून असते. पण जनुके एकटी सर्व ठरवीत नाहीत. समाज आणि अनुभव हेही जनुकांचे कार्य बदलतात. शिकण्याने मेंदूची जोडणी बदलते. आणि म्हणून, समुपदेशनाने रुग्णात टिकाऊ बदल घडत असेल, तर तोही मेंदूतच घडत असला पाहिजे. ‘गोळी देहासाठी आणि शब्द मनासाठी’ ही जुनी वाटणीच येथे मोडून पडते. १९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी मंत्रचळाच्या रुग्णांवर केलेला एक लहानसा अभ्यास याला दुजोरा देणारा आहे. काहींना औषध दिले, काहींना केवळ वर्तनोपचार. दोन्ही गटांत जे सुधारले, त्यांच्या मेंदूच्या एकाच भागात सारखा बदल दिसला. धीराचा शब्दही देहापर्यंत पोहोचतो, हे प्रयोगशाळेत दिसले.

मग चौकट सापडली का? दिशा सापडली, एवढेच म्हणता येईल. स्किझोफ्रेनियाशी निगडित अशी १०८ जनुकीय स्थाने २०१४ साली जाहीर झाली. २०२२ साली ती संख्या २८७ वर गेली. त्यांतील बहुतेकांचा वाटा अगदी अल्प. एकाच गर्भपेशीतून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला हा विकार झाला, तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता सुमारे निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. जनुके तीच, प्राक्तन निराळे. २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे तत्कालीन संचालक थॉमस इन्सेल यांनी निदानपुस्तिकेच्या वर्गवारीवर विसंबून संशोधन करणे थांबवावे लागेल, असे सांगितले व मेंदूच्या जाळ्यांवर भर दिला. त्याच इन्सेल यांनी २०२२ सालच्या आपल्या पुस्तकात सांगितले, की रुग्ण सावरण्यासाठी औषधोपचारांच्या बरोबरीने माणसे, राहण्याची जागा आणि जगण्याचे प्रयोजन लागते. मेंदूकडे निघालेला प्रवासी माणसाच्या दाराशी परतला!

येथे श्रद्धावंताच्या मनात शंका उभी राहते. मनाचे सर्व व्यापार मेंदूतून चालत असतील, तर आत्म्याचे काय? आपले पाप-पुण्य, आपली इच्छाशक्ती, आपली प्रार्थना ही रसायनांची खळबळ ठरणार का? ही भीती समजण्याजोगी आहे. परंतु ती ख्रिस्ती परंपरेतून आलेली नाही. देह हे पिंजऱ्यासारखे घर आणि आत्मा हा त्यातला पक्षी, असे संत थॉमस अक्वायनस मानीत नसे. आत्मा हे देहाचेच रूपतत्त्व आहे आणि केवळ आत्मा म्हणजे माणूस नव्हे, असे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणूनच या महापंडिताने दुःखावरील उपाय सांगताना अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या पंगतीत झोप आणि स्नान यांनाही बसविले. तेराव्या शतकातील ही यादी आजच्या डॉक्टरांनीही नाकारू नये. सतार आणि सूर यांचे नाते आठवावे. तार ढिली झाली, तर सूर बिघडतो. म्हणून राग म्हणजे नुसती तार, असे कोणी म्हणत नाही. आणि रागाची थोरवी गाऊन तार ताणली जात नाही, हेही तितकेच खरे.

१९५३ साली पोप बारावे पायस यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना याच अखंडतेवर भर दिला होता : माणूस मनाने एकसंध आहे, समाजाशी बांधलेला आहे आणि ईश्वराकडे झेपावणाराही आहे. १९९२ सालचा कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो, की आजार, विशेषतः मनाचा आजार, ही भूतबाधेहून अगदी वेगळी गोष्ट आहे आणि त्यावरील उपचार हे वैद्यकशास्त्राचे काम आहे. म्हणजे मुलाला डॉक्टरकडे नेणारी आई श्रद्धेत उणी पडत नाही. उलट औषधे बंद करून केवळ प्रार्थनासभांना नेणारा हितचिंतकच चर्चच्या शिकवणुकीबाहेर जातो.

जबाबदारीच्या प्रश्नावरही या शास्त्राने आपल्याला नम्र केले आहे. संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली मान्रेसा येथे असताना त्याच त्या पापांच्या शंकांनी इतका छळला गेला, की जीव द्यावा असे त्याला वाटू लागले. पापनिवेदन पुन्हा पुन्हा करूनही त्याला शांती मिळेना. आजही आपल्यात असे लोक आहेत, आणि त्यांना अधिक कडक प्रायश्चित्ताची नव्हे, तर आधाराची व उपचारांची गरज असते. आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारणारा १९१७ च्या धर्मविधानातील नियम १९८३ च्या विधानात राहिला नाही. गंभीर मानसिक विकाराने अशा माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे आज चर्च शिकवते. तरीही अशा घरच्या अंत्यविधीला आपण खालच्या आवाजात काय काय बोलतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

मात्र ‘मेंदूचा आजार’ या शब्दांनी आपली सुटकाही होऊ नये. सारा दोष रसायनांवर टाकला, की बेकारी, दारू, घरातील मारहाण, एकाकी म्हातारपण यांचा हिशेब कोणी मागत नाही. अनुभवही जनुकांचे कार्य बदलतो, हे कँडेल यांचे म्हणणे खरे असेल, तर आपण एकमेकांशी कसे वागतो हाही वैद्यकाचाच विषय झाला. भारतातील २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून अधिक लोक मनोविकाराने पीडित होते, आणि विकाराच्या प्रकारानुसार त्यांतील सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. चौकट अपुरी आहे हे खरे. पण जे ज्ञान हाताशी आहे, तेही आपण बहुतेकांपर्यंत पोहोचविलेले नाही, हे अधिक लाजिरवाणे आहे.

ज्ञान अपुरे असताना प्रेमाने काय करता येते, याची उदाहरणे आपल्याच परंपरेत आहेत. सोळाव्या शतकात ग्रानादा येथे एका प्रवचनाने व्याकूळ होऊन रस्त्यावर आक्रोश करणाऱ्या एका पुस्तकविक्रेत्याला लोकांनी वेडा ठरवून इस्पितळात डांबले. तेथे त्या काळच्या शास्त्रानुसार त्याला चाबकाचे उपचार मिळाले. बाहेर पडल्यावर त्याने स्वतःच रुग्णालय उभारले आणि रुग्णांना मायेने वागविले. तोच संत जॉन ऑफ गॉड. बेल्जियममधील खेल या गावात संत दिम्फनाच्या यात्रेला येणाऱ्या मनोरुग्णांना गावकरी मध्ययुगापासून आपापल्या घरांत ठेवून घेत आले. विसाव्या शतकात, १९३० च्या दशकाअखेर, तेथे असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे होते. त्या गावकऱ्यांना ना जनुके ठाऊक होती, ना निदानाच्या याद्या. ताटावर एक पान वाढविणे तेवढे त्यांना ठाऊक होते.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने तो प्रश्नच नाकारला आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावला. आरंभीच्या त्या आईलाही हेच उत्तर द्यावेसे वाटते. बाई, तुझे कुठे चुकले हा प्रश्न सोड. शास्त्राला सर्व कळलेले नाही. पण तुझा मुलगा आजारी आहे आणि त्याला मदत होऊ शकते, एवढे निश्चित कळलेले आहे.

जुन्या करारात एलिया संदेष्टा जिवावर उदार होऊन रानातील झुडपाखाली पडतो आणि देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही, त्याच्या श्रद्धेची झडतीही घेत नाही. तो त्याला झोपू देतो, स्पर्शाने जागे करतो, भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. आणि पुन्हा झोपू देतो. पुढचा मार्ग, पर्वत आणि देवाचा मंद स्वर हे सारे नंतर येते. शास्त्राची चौकट पुरी होईल तेव्हा होवो. दार लोटून घेतलेल्या घरी भाकर आणि पाणी घेऊन जाण्यासाठी तिची वाट पाहण्याचे कारण नाही.